वळणावरची घुमटी

४ जून, मंगळवार

आजही ती काळी पिकअप! ट्रायगेन गावापासून माझ्या गाडीला चिकटून. दिवे मारतोय, मारतोय. मी वेग वाढवला नाही, कमीही केला नाही. आरशात एकदा पाहिलं, मग नजर समोर. दूध संघाच्या फाट्यापाशी रस्ता रुंद होतो. उजवा दिवा लावला, हळूच उजव्या कडेला घेतली. गेला!

मला हे जमतं आता.

५ जून

एलिसेओच्या वळणावर पिकअपवाल्याने दोनदा हॉर्न दिला. नेमका तिथेच, माझा नवरा गेला त्या जागी उभारलेल्या त्याच्या घुमटीसमोर! माझ्यावर खेकसायला दुसरी जागा नव्हती?

दात आवळले. कडेला घेतली. जाऊ दिलं.

९ जून, रविवार

दिराकडे जेवायला. पिकअपचं सांगितलं. नेल्सनभावजी म्हणाले, "वहिनी, एकदा कचकन ब्रेक मारा. तोंड फुटलं की अक्कल येते!"

जाऊ ओरडली, "काहीतरीच काय शिकवता! मागे पोरगी बसते तिची."

"दादा असता तर दाखवला असता इंगा!"

हो. दाखवला असता.

मी रश्शातला बटाटा मोडत राहिले.

१३ जून

घुमटीवर आणखी एक पाटी. 'उपकार झाले, एलिसेओ.' ओळख ना पाळख, आणि लोक त्याच्याकडे सुखरूप प्रवास मागतात! रस्त्यात अवचित गेलेल्याचं देव लवकर ऐकतो म्हणे. पाटी पुसली, मेणबत्ती लावली, निघाले.

१४ जून, शुक्रवार

काळी पिकअप घुमटीपाशी उभी! मीही थांबले. पन्नाशीचा माणूस, हातात टोपी, दुसऱ्या हातात कार्नेशनची फुलं. मला ओळखलं नाही.

"ताई, तुम्हीपण याला मानता? मी रोज हॉर्न देऊन नमस्कार करतो. फार जपून चालवायचा म्हणतात बिचारा. मागून लाकडं भरलेल्या ट्रकने उडवला. आता हा पाठीशी आहे ना, गाडी कशीही हाणा, मला काही होत नाही!"

म्हणजे हॉर्न माझ्यासाठी नव्हताच.

"हा माझा नवरा," मी म्हटलं. आणि सगळं सांगितलं.

१७ जून, सोमवार

पिकअपवाल्याला सांगितलं ते घरात अजून कुणाला माहीत नाही. ट्रक चिकटला होता, खरं. पण ब्रेक एलिसेओने मुद्दाम मारला. "बघच आता!" म्हणाला. मी शेजारी होते.

आज काळी पिकअप मागे होती. खूप मागे. वळणावर मीच हॉर्न दिला. मग लांबून त्याचा आला.