नारळावर ठेवलेला हात

१२ जानेवारी, सोमवार

ऐकायचं म्हणे. नुसतं ऐकायचं, तोंड मिटून. आणि ते शिकवायला, दारू सोडवणाऱ्यांच्या वर्गात, मला परळला शाळेच्या बाकावर बसवतात, ज्यात माझा गुडघा मावत नाही. ऐकून कोणाची दारू सुटली आजपर्यंत? माझ्या सासूने सासऱ्याचं जन्मभर ऐकलं. काय झालं? ती ऐकत राहिली, तो पीत राहिला.

मॅडम (पुढे मॅ. लिहीन, हात दुखतो) माझ्या पुतणीच्या वयाची. पुण्याचं शुद्ध बोलते. "सुनंदाताई, सल्ला नको. फक्त ऐका." जोडी लावून दिली. माझ्या जोडीला कांबळेबाई, नायगावच्या बी.डी.डी. चाळीतली. ती सांगायला लागली, सून चहा उकळतच नाही, पाणी पाजते. मी म्हटलं, मग गॅससमोर तूच उभी राहा ना. मॅ.ने टाळी वाजवली. टाळी म्हणजे मी हरले. परत पहिल्यापासून. परत हरले.

कां. बाई म्हणते, "तुझ्यासमोर मेलेला माणूस ठेवला तरी त्याला सांगशील, नीट झोप."

रोज चार ओळी लिहा म्हणाली मॅ. स्वतःसाठी, कोणी बघणार नाही. चौथीनंतर पेन सहीपुरतं धरलं. तरी आज चारपेक्षा जास्त झाल्या. राग होता म्हणून.

१५ जानेवारी, गुरुवार

दारुडा म्हणायचं नाही. "दारूचा त्रास असलेली व्यक्ती" म्हणायचं. एवढं म्हणेपर्यंत ती व्यक्ती गुत्त्यात पोचून बसली असेल. हे मी बोलले. सगळ्या हसल्या. मॅ. पण हसली, मग म्हणाली, "घरातल्या माणसाला काय म्हणता तुम्ही?"

घरातल्या माणसाला सदा म्हणते. धाकटा दीर. मी लग्न होऊन लालबागला आले तेव्हा हाफ पँटीत होता, शाळेचा डबा मीच भरून द्यायची. म्हणून भावजी-बिवजी कधी तोंडात आलं नाही. आता चाळिशी उलटली. लग्न नाही. मंडप डेकोरेटरकडे असतो, कापडाला चुण्या पाडण्यात त्याचा हात धरणारा लालबाग-परळात कोणी नाही. पोटमाळ्यावर झोपतो. पितो. आता सकाळीही.

चाळीत काम करायचं म्हणून शिकायला जाते असं सगळ्यांना सांगितलंय. खरं सदासाठी जाते. त्याला माहीत आहे. विचारतो, "वयनी, आज काय शिकलंस?" मी म्हणते, गप्प बसायला. तो म्हणतो, "मगे नापास."

१८ जानेवारी, रविवार

सुटली. सोडवली मी.

आज गावकरी मंडळाच्या खोलीवर सत्यनारायण. आमच्या गावची सगळी जमतात. देवाला गाऱ्हाणं तात्यांनीच घालायचं, मंडळात तेच मोठे. मी त्यांना आधीच जाऊन सांगून ठेवलं होतं. सदाला नाही सांगितलं. सांगितलं असतं तर आलाच नसता. तात्यांनी त्याला पुढे बोलावलं, नारळ धरायला लावला. "बा देवा म्हाराजा, ह्यो तुझो लेकरू सदानंद, आजपासून दारयेक शिवाचो नाय, असो तेचो शब्द तुझ्या पायाशी ठेवता, तो तू सांभाळ रे म्हाराजा." सगळी खोली म्हणाली, व्हय म्हाराजा. सदा पण म्हणाला. म्हणताना देवाकडे नाही, माझ्याकडे बघत होता.

घरी येताना ह्यांनी आणि सदाने, दोन्ही भावांनी, भजी घेतली. कितीतरी दिवसांनी दोघं एकत्र चालले. मी मुद्दाम मागे राहिले.

उद्या मॅ.ला सांगेन म्हटलं. मग म्हटलं नको, थोडे दिवस जाऊ देत. एकदम दाखवेन.

२० जानेवारी, मंगळवार

शिवला नाही. खरंच शिवला नाही. पण हात थरथरतात. चहा अर्धा शर्टावर. घामाने बनियन पिळून काढण्यासारखं. कामावर गेला आणि परत आला, म्हणाला चुणी धरवत नाही.

तात्यांना फोन केला. ते म्हणाले, देव धुता तेका, धुवंदे.

मी बशी त्याच्या तोंडाला लावली. लहानपणी ताप आला की लावायची तशी. तो प्यायला आणि म्हणाला, "वयनी, माका भीती वाटता." मी म्हटलं कसली भीती, देव आहे ना. बोलून टाकलं. तो पुढे काही सांगणार होता बहुतेक.

२२ जानेवारी, गुरुवार

आज वर्गात शरीराचं शिकवलं. खूप वर्षं रोज पिणाऱ्याने एका दिवसात बंद केली की हात कापतात, घाम येतो, झोप जाते. भास होतात. फिट येऊ शकते. माणूस दगावूही शकतो. डॉक्टरच्या देखरेखीत, औषध देऊन सोडवायची. मॅ. फळ्यावर लिहीत होती. मी मध्येच उठले. चप्पल घातली की नाही ते

घातली होती. पण उलटी.

घरी सदा नाही. ह्यांनी सांगितलं. सकाळी त्याच्या तोंडाला वास आला. कापणं थांबावं म्हणून घेतली असणार, हे मला आता कळतं, ह्यांना कसं कळावं? हे ओरडले, देवासमोर हात ठेवलास त्याची लाज नाही? सदाने पोटमाळ्यावरून चादर घेतली नि गेला.

फोन बंद. नाक्यावर नाही, मंडळात नाही. हे जेवले नाहीत. मी पण नाही.

२४ जानेवारी, शनिवार

डेकोरेटरच्या शेठचा फोन. सदा वडाळ्याच्या गोडाऊनवर आहे. बांबू-कापडाच्या ढिगाजवळ झोपतो. थोडी-थोडी घेतो, बरा आहे. "पण भाभी, आप आओगी बोला तो पीछे के दरवाजे से निकल गया."

माझं नाव ऐकून पळाला. ह्यांचं नाही. माझं.

२५ जानेवारी, रविवार

तात्यांकडे गेले. म्हटलं, परत गाऱ्हाणं घाला, त्याचा शब्द सोडवा. तो शब्द मोडला म्हणून तोंड दाखवत नाही. तोंड दाखवलं नाही तर डॉक्टरकडे नेऊ कशी?

तात्या: "देवाक दिलेलो शब्द काय उसनो पेलो, परत मागूक? सोडवलो म्हणजे पी म्हटला तसाच."

मी: मग तो तिथे मेला तर देवाचा शब्द राहिला, असं म्हणू?

तात्या रागावले. तुझी जीभ अशी म्हणून तुझं कोण ऐकत नाही म्हणाले. खरं आहे ते.

ह्यांना म्हटलं तुम्ही चला वडाळ्याला. हे म्हणाले, तात्या सोडवतील तेव्हा बघू, तोपर्यंत माझ्या घरात नको. मग रात्रभर कुशी बदलत होते. भाऊ आहे शेवटी.

२६ जानेवारी, सोमवार

सुट्टी. चाळीत झेंडावंदन. कां. बाई आली, तिच्यासाठी घावणे केले. तिला सगळं सांगितलं. नारळाचंपण.

तिने घावणा तोडून बशीत ठेवला आणि म्हणाली, "आमच्याकडे नारळ नव्हता. आमच्याने पोराच्या डोक्यावर हात ठेवला." तिचा नवरा दारूनेच गेला, एवढंच मला माहीत होतं. "शब्द मोडला ना, त्यानंतर त्याने पोराला जवळ घेतलं नाही. पोरगं जवळ गेलं की उठून जायचा. मी समजत होते, ह्याला माया नाही. माया होती म्हणूनच उठायचा, बाई. मला मागाहून समजलं. तो गेल्यावर."

मी काही बोलले नाही. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "बघ, आज पास झालीस."

मेली.

२९ जानेवारी, गुरुवार

मॅ.ला सांगितलं. वर्ग सुटल्यावर, बाकी बायका गेल्यावर. मला वाटलं फळ्यावर लिहील, हे असं करू नये. नाही. खुर्ची ओढून समोर बसली. "गाऱ्हाणं म्हणजे काय ते मला नीट माहीत नाही. सांगाल का?" मी सांगत गेले, ती एकदाही मध्ये बोलली नाही. माझंच मला कळलं, मी किती घाबरलेय.

मग म्हणाली, शपथेने माणूस दारू सोडत नाही असं नाही, सुनंदाताई. पण ती मोडली की परत यायची वाट बंद होते. आणि परत-परत यावं लागतं ह्याच्यात.

आता करायचं काय ते सांगितलं. पितोय तर एकदम थांबव म्हणायचं नाही. हॉस्पिटलच्या ओ.पी.डी.ला आणायचं, ती स्वतः तिथे येईल. फिट आली, बडबडायला लागला तर थांबायचं नाही, थेट न्यायचं. हे मी शेठला फोन करून हिंदीत सांगितलं. कसं सांगितलं देव जाणे, पण समजला.

निघताना मॅ.ला म्हटलं, तू लहान आहेस पण बरी आहेस. तिला हसू आलं. तू म्हटलं ते चुकून.

१ फेब्रुवारी, रविवार

परत तात्या. ह्या वेळी भांडले नाही. आधी त्यांचं ऐकलं. ऐकायला बसले तर त्यांनी त्यांच्या धाकट्या भावाचं काढलं, मिलच्या दिवसांतलं. तो संपात घरी बसला आणि पिऊन गेला. त्यालाही त्यांनी नारळ धरायला लावला होता. मला ठाऊकच नव्हतं. बोलता-बोलता म्हातारा खिडकीकडे बघायला लागला. मी गप्प. चहा निवला, तरी गप्प.

मग तेच म्हणाले, "काय सांगूचा देवाक?"

मी म्हटलं, असं सांगा. बा देवा म्हाराजा, ह्याने दिलेला शब्द ह्याला झेपला नाही. तो आम्ही त्याच्यावर लादला. तो शब्द तू परत घे, आणि ह्याला डॉक्टरपर्यंत जायची ताकद दे. पडला तर परत उठव. आणि उठून घरी यायला लाज वाटू देऊ नको.

तात्या म्हणाले, एवढा लांब गाऱ्हाणा बाईमाणसाक सुचता कसा? म्हणजे कबूल. पण अट घातली, सदा स्वतः उभा राहायला हवा. तो नसताना घालणार नाही. पुढल्या रविवारी मंडळाच्या खोलीवर. ह्यांना सांगितलं. ह्यांनी उठून पोटमाळ्याचा गेलेला बल्ब बदलला.

३ फेब्रुवारी, मंगळवार

वडाळा. शेठला आधी सांगितलंच नाही मी येणार ते. दुपारी गेले, माणसं जेवायला गेलेली असतात तेव्हा. सदा पांढऱ्या कापडाच्या ढिगावर बसला होता, गुडघे पोटाशी. दाढी वाढलेली. मला बघून उठला. मागचं दार बघितलं. मी दार अडवायला नाही गेले, तिथेच जमिनीवर बसले. माझा गुडघा माहीत आहे त्याला. मी एकदा खाली बसले की मला उठवायला माणूस लागतं. तो मला तशीच टाकून जाणार नाही. नाही गेला.

डबा उघडून ठेवला. बोलले काही नाही. जीभ दातांत धरून ठेवली, खरंच दातांत.

मग तो बोलायला लागला. तुटक-तुटक. "हात धरलेलंय नारळाक, आणि मनात म्हणी होतंय, वयनीक फसवतंय." मग म्हणाला, त्याला तेव्हाच माहीत होतं नाही जमणार. पण मी इतक्या आनंदात होते की त्याला नाही म्हणवेना. मग म्हणाला, दादा ओरडला त्याचं काही नाही. "तू कायच बोलाक नाय असतंस, नुसता बघलं असतंस, ता माका सोसवला नसता." मग रडला. लहानपणी रडायचा तसाच, आवाज न करता, नाक वर ओढत.

मी सांगितलं ते एवढंच. नारळ धरायला लावला ती माझी चूक, तुझी नाही. तात्या शब्द सोडवायला तयार आहेत. रविवारी मंडळाच्या खोलीवर, सोमवारी हॉस्पिटलला, मॅ. तिथे असेल. सोडणार असं कबूल करायचं नाही. कोणाला काही द्यायचं नाही. नुसतं यायचं.

तो म्हणाला, "बघतंय."

मी म्हटलं, बघतंय नको. बघतंय म्हणून तू मला महिनाभर फिरवशील, तुला मी ओळखते. आता पिऊन असशील तरी ये, पडत असशील तर सांग, मी आणि तुझा दादा न्यायला येऊ. पण येणार की नाही, शनिवारी दिवेलागणीपर्यंत मला कळव. शेठच्या फोनवरून, कोणाकडून, कसंही. नाही म्हणालास तर मी रागावणार नाही.

रागावेन. पण जेवण घेऊन येईन. फक्त शनिवारपर्यंत सांग.