बगळ्याचे पाय

प्रिय धाकट्या,

(प्रिय हे हातानं सवयीनं लिहिलंय. राहू दे.)

आपल्या कार्टून मालिकेसाठी खालून उजेड देणारं काचेचं टेबल मी केलं. कॅमेरा अडकवायचा लाकडी सांगाडा, दिव्यांवरच्या पत्र्याच्या टोप्या, रंगाच्या बाटल्यांची फळी, सगळं माझ्या हातचं. आणि बगळा. त्याचं एकूण एक चित्र माझं. कुठल्या शाळेत शिकलो नाही, बिघडवत बिघडवत शिकलो. तू आवाज दिलेस, मालिका टीव्हीवर दाखवायला विकलीस, ते मी कधी नाकारलं नाही.

परवा तुमच्या स्टुडिओतली नवी प्रत बघितली. जुन्या टीव्हीचं चौकोनी चित्र रुंद पडद्यावर न्यायचं, एवढंच काम. आधी त्या लोकांनी ते दोन्हीकडून ओढलं, तर चंद्राचं अंडं झालं आणि बगळ्याचं बदक. मग सेकंदाला पंचवीस चित्रांची तीस करताना यंत्रानं शेजारची दोन चित्रं एकमेकांत मिसळून मधली जागा भरली. बगळ्यानं एकदा पाय आपटला की दोनदा आपटल्यासारखा दिसायला लागला. यावर तोडगा काय, तर चित्र वरून-खालून कापा! रुंदीही जमली, पायही गेले. आणि तू फोनवर मलाच समजावतोस, "दादा, पाय कोण बघतंय? पोरं तोंड बघतात."

अरे शहाण्या, आपला बगळा मुका आहे. एकदा पाय आपटला तर हो, दोनदा आपटला तर नाही. पाय कापल्यावर तो नुसता खांबासारखा उभा, आणि तुझ्या आवाजातला कोल्हा एकटाच बडबडतोय. मी म्हटलं होतं, उंचीला हात लावू नका, दोन्ही बाजूंना तळं मी रंगवून वाढवतो. पहिल्या भागाचं करूनही दिलं. बघितलंस? नसशीलच.

मुलाखतीत तू छान रंगवून सांगतोस, आम्ही भाऊ तळ्याकाठी बसलो होतो आणि बगळा दिसला. कसलं तळं? बाबांची खाट होती. अर्धांगवायूनं वाचा गेली, एक पाय तेवढा हलायचा. खाटेच्या फळीवर टाच एकदा वाजली की हो, दोनदा वाजली की नाही. पाणी हवं? खिडकी लावू? धाकट्याला बोलावू? या शेवटच्याला रोज एकदाच वाजायची. मी कळवत होतो. तुला रजा मिळत नव्हती. ते गेल्यावर हातांना काही कामच उरलं नाही, तेव्हा बगळा काढायला बसलो. तुला सांगितलं नाही, कारण तू कधी विचारलं नाहीस.

आता लिहायला का बसलो ते सांगतो. सकाळी मालिका विकत घेणाऱ्या कंपनीचा माणूस कागद घेऊन आला होता. तुझी सही आधीच झालेली, माझी तेवढी राहिली होती. तिच्याशिवाय व्यवहार होत नाही, म्हणजे तुझा वाटाही गेला. हे त्याच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. मालिका कायमची त्यांची, वर हवी तशी कापायची मुभा, याचे आपल्या दोघांना मिळून चाळीस लाख देत होते. मी नको म्हटलं.

तुझाच, आणखी कुणाचा होणार,
दादा