पोटातली जाळी

अण्णा, परवा डॉक्टरांनी मला तुमचं कापड दाखवलं. मी त्यांच्यासमोर शर्ट वर करून बसलो होतो. जांघेतली हर्नियाची गाठ दाबून बघितल्यावर त्यांनी कपाटातून तळहाताएवढा पांढरा तुकडा काढला आणि म्हणाले, "ही जाळी आतून बसवायची, ठिगळ लावतात तशी. मग आतडं पुन्हा बाहेर येणार नाही." डॉक्टर इजिप्तचे आहेत, इंग्रजी सावकाश बोलतात. मी तुकडा हातात घेतला आणि माझे दोन्ही अंगठे आपोआप त्याच्या कडांवर गेले. ताणला, सोडला, उजेडाकडे धरला, उलटा करून पाहिला. अर्धं आयुष्य तुम्ही ज्या रॅशेल मशीनवर मच्छरदाण्यांचं कापड काढलंत, त्याच जातीची ही वीण. धागा तेवढा केसासारखा बारीक. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं असेल, हा माणूस आता भाव करणार.

आत्ता मी त्याच हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसलोय. मुलगी आत ऑपरेशनची कागदपत्रं करायला गेलीय. तुमची नात, तुम्ही न पाहिलेली. इथंच वाढली, मी मराठीत विचारतो आणि ती इंग्रजीत उत्तर देते. "वेट इन द कार, बाबा, इट्स टू हॉट," म्हणाली. कुवेतचा उन्हाळा आहे, एसी चालू ठेवूनही काच हाताला चटका देते. डोक्यावर गाड्यांसाठी बांधलेली सावली आहे, आणि ती आमच्याच कंपनीनं लावलेली आहे. मी माप घ्यायला आलो होतो. ही सावलीसुद्धा तुमच्याच वंशातली, प्लास्टिकच्या धाग्याची जाड जाळी. गावाकडे शेतावर हिरवं शेडनेट टाकतात ना, त्याचीच थोरली बहीण. लोक विचारतात, सरळ ताडपत्री का नाही टाकत, स्वस्त पडेल. इथं धुळीचं वादळ उठतं, त्याला तोझ म्हणतात. त्यात ताडपत्री फुगते आणि खांब वाकवते. जाळीतून वारा निघून जातो. कुठं हुकानं भोक पडलं तर ते तेवढंच राहतं, चिरत जात नाही. हे मी गिऱ्हाइकांना इतक्यांदा सांगितलंय की आता सांगताना मलाच जांभई येते.

मला हे पहिल्यांदा तुम्ही सांगितलंत, तेही कान धरून. भिवंडीच्या त्या खोलीत मी पतंगाच्या मांज्यासाठी मच्छरदाणीतून धागा ओढत बसलो होतो. आईच्या स्वेटरचा निघतो तसा सरसर निघेल असं वाटलं होतं. निघेना, म्हणून कात्री घेतली. तुम्ही मागून आलात. "अरे गाढवा, स्वेटर म्हणजे एकच धागा इकडून तिकडे फिरतो, तो ओढला की सगळं उसवतं. इथं प्रत्येक सुईला आपापला धागा आहे. तो उभा खाली जाता जाता दर टाक्याला शेजारच्याला धरतो. एकाला ओढलंस तर बाकीचे सोडतात होय?" मग कान सोडलात आणि तो कापलेला तुकडा माझ्या हातात देऊन म्हणालात, "आता दिवसभर ओढत बस." मी खरंच बसलो. संध्याकाळपर्यंत माझी नखं दुखायला लागली.

आपल्या घरात ते कापड कुठं नव्हतं? मिलमधून तुकडे यायचे आणि आई त्याला कुठंही लावायची. खिडकीला लेसचे पडदे होते, कांदे टांगायला लाल जाळीची पिशवी होती, आईच्या परकराला ट्रायकॉटचं मऊ कापड होतं. माझ्या शाळेच्या खेळाच्या बनियनचं भोकाभोकाचं कापडसुद्धा तुमच्याच शेजारच्या मशीनवरचं. आणि मग तो पट्टा. मिलला तेव्हा बायकांच्या आतल्या कपड्यांसाठी इलॅस्टिकच्या जाळीदार कापडाची ऑर्डर मिळाली होती. तुमची गाठ नुकतीच दिसायला लागली होती. बीम चढवायची साखळी-पुली बिघडलेली असायची आणि तुम्ही दोघातिघांना घेऊन तो लोखंडी रूळ, धाग्याच्या वजनासकट, हातांनीच उचलायचात. आईनं त्या कापडाचे दोन थर करून पट्टा शिवला. रंग गुलाबी. तुम्ही तो शर्टाखाली बांधून मिलमध्ये जायचात आणि लोक हसायचे. तुम्हीही हसायचात. "बघा, कापड आपलंच. उसवलं तर मालकाला सांगू."

आई म्हणायची, मालकाला सांगा, थोडी सुट्टी घ्या, ऑपरेशन करून टाका. तुमचं उत्तर ठरलेलं होतं, "सीझन संपू दे." पावसाळ्याआधी मच्छरदाण्यांचा सीझन, तो संपला की दिवाळीच्या पडद्यांचा, मग लग्नसराईच्या लेसचा. सीझन कधी संपलाच नाही. एके सकाळी गाठ आत जाईना. तुम्ही पट्टा आणखी घट्ट ओढलात आणि कामाला गेलात. दुपारी तुम्हाला रिक्षात घालून हॉस्पिटलला नेलं तेव्हा आतडं आत अडकून काळं पडलं होतं. मी कॉलेजातून पोचलो तेव्हा आई दाराशी बसली होती आणि तिच्या मांडीवर तुमचे कपडे होते, वर तो पट्टा. ती एवढंच म्हणाली, "मी शिवून दिला नसता तर हे डॉक्टरकडे गेले असते रे." पुढे कितीदा समजावलं, तिनं ते वाक्य सोडलं नाही. ती जाईपर्यंत तिच्या तोंडी तेच होतं.

मी शहाणा होईन असं वाटलं असेल तुम्हाला. नाही झालो. सावलीच्या कापडाचे रोल उचलता उचलता माझीही गाठ आली. ड्रायव्हर रत्नागिरीचा आहे, तो कळवळून म्हणायचा, "साहेब, तुमी नको ना उचलू, आमी काय मेलो हाव?" पण मुदीर, म्हणजे आमचा मॅनेजर, कायम घाईत असतो, आणि आपल्या रक्तातच बहुतेक हा दोष आहे. मी काय केलं माहीत आहे? आईच्या पेटीतून आणलेला तुमचा गुलाबी पट्टा इथल्या फरवानिया भागातल्या शिंप्याला मापाला दिला आणि खेळाच्या कपड्यांच्या ताणणाऱ्या काळ्या कापडात तसाच शिवून घेतला. डॉक्टर नाही, शिंपी! कापडवाल्याचं पोर दुसरं काय करणार. मुलगी सारखी मागे लागायची, बाबा, गेट इट डन. मी म्हणायचो, उन्हाळ्याआधी शाळांची, पार्किंगची सगळी कामं असतात, सीझन संपू दे. हे शब्द तुमचे आहेत हे दर वेळी कळायचं, तरी म्हणायचो. दुखणं अंगावर काढण्यात आपण दोघंही पटाईत. मग मागच्या आठवड्यात जहरा गावातल्या साइटवर शिडीवरून उतरताना मी वाकलो, तो सरळच होता येईना. ड्रायव्हरनं मला उचलून गाडीत घातलं आणि न विचारता मुलीला फोन लावला. कंपनीला काही न सांगता त्यानं सरळ इथं आणलं. गाठ त्या दिवशी कशीबशी आत गेली. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी जाईलच असं नाही.

परवा निघताना मी त्यांना विचारलं, ही जाळी नवीन निघालीय का? माझ्या वडिलांच्या वेळी नसेल. त्यांनी साल विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "तेव्हाही होती. नसती तरी नुसते टाके घालून ऑपरेशन होतच होतं." मी थँक यू म्हणून बाहेर आलो आणि जिन्यात बसून राहिलो. अण्णा, मला तुमचा राग आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा असा उघडा राग. लिफ्टची वाट बघणाऱ्या लोकांसमोर मी दहा मिनिटं तुमच्यावर मनातल्या मनात ओरडत होतो. सारा जन्म त्या कापडापाशी काढलात, ते दुसऱ्यांच्या पोटात जाऊन त्यांना जगवत होतं आणि तुम्ही ते पोटावर बाहेरून बांधून फिरत होतात. आईला उरलेला जन्म त्या शिवणीत घालवायला लावलात. कापडावरचा तुमचा विश्वास बरोबर होता. तो गुलाबी पट्टा आत्ता माझ्या मांडीवर आहे. त्यातलं रबर कधीच मेलंय, ताणला तर परत येत नाही, पण टाका एकसुद्धा सुटलेला नाही. पोटाचं मात्र चुकलं तुमचं.

मुलगी येऊन गेली. खोली तयार व्हायला अजून थोडा वेळ आहे म्हणाली. मांडीवरचा पट्टा बघून तिनं विचारलं, "व्हॉट्स दॅट?" मी म्हटलं, तुझ्या आजोबांचा. तिनं तो हातात घेतला, कडेचा धागा नखानं ओढून पाहिला. "इट्स नॉट कमिंग आउट," म्हणाली. मी म्हटलं, दिवसभर ओढत बस. तिला हसू आलं. मग एकदम मराठीत म्हणाली, "बाबा, तुझा काळा पट्टा काढ आता. आत नाही चालणार." आणि पाणी आणायला बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात गेली.

मी पट्टा काढलाय. पोट एकदम उघडं पडल्यासारखं वाटतंय, आणि समोरचं दार फार लांब दिसतंय. हा कागद मी तुमच्या पट्ट्यात गुंडाळून गाडीच्या खणात ठेवून देईन, दुसरीकडे कुठं टाकणार? राग गेलाय, कधी गेला ते कळलं नाही. एवढं मात्र आत्ता, पट्टा काढल्यावर कळलं, की सीझन वगैरे काही नव्हतं, अण्णा. तुम्ही घाबरला होतात आणि घरात कुणाला सांगता येत नव्हतं. मला तुमच्यासारखंच भ्या वाटतंय. ती पाणी घेऊन आली की हे मी तिला सांगणार आहे.