यादीतलं शेवटचं नाव

शारजा, रविवार

प्रिय सुजीत,

तुझे तिन्ही व्हॉइस मेसेज ऐकले. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. शेवटपर्यंत वाच.

आधी रादकाचं सांगते. हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या स्टील कंपनीत ती माझी बॉस होती. तू इथे आला होतास तेव्हा तिने घरी लावलेलं दही वाटीभर आणखी मागून खाल्लं होतंस, तीच. बल्गेरियाच्या सैन्यात ती मेजर होती, पूल बांधणाऱ्या तुकडीत. मीही आर्मीत होते हे कळल्यावर तिने भर यार्डात मला सॅल्यूट ठोकला. ट्रेलर अडकले की इथल्या अरबीत ओरडायची, ‘यल्ला, कॅप्टन!’ म्हणजे चला, हलवा. सैन्य सोडल्यावर सात वर्षांनी कुणीतरी मला माझ्या हुद्द्याने हाक मारत होतं. आपल्या घरात मी कधी कॅप्टन नव्हतेच रे. आईला माझ्या लग्नाची काळजी होती आणि तुला बॅनरसाठी माझा वर्दीतला फोटो हवा होता.

चार वर्षांपूर्वी तिच्या गावच्या हॉस्पिटलातला प्रसूती विभाग बंद पडला. बायका बाळंतपणाला सत्तर किलोमीटर जाऊ लागल्या. रादका इथली नोकरी सोडून गेली. एका पक्षाने तिकीट दिलं, पण यादीत अगदी शेवटी. तिकडे पक्षाला मतं मिळतात आणि यादीतली वरची नावं निवडून येतात. खालची शोभेला. ‘मॅडम, तुम्ही फक्त गाडीतून हात हलवा,’ असं तिथल्या पुढाऱ्याने तिला तोंडावर सांगितलं. पण मतदाराला यादीतल्या एका आवडत्या नावावर वेगळी खूण करता येते. ही गाडीतून उतरली आणि चार आठवडे पायी फिरली. लोकांनी इतक्या खुणा केल्या की शेवटचं नाव वर सरकलं आणि बाई सोफियाच्या संसदेत जाऊन बसली.

पहिल्याच अधिवेशनात पक्षाने सांगितलं तिथे तिने हात वर केला नाही. पक्षाने काढून टाकलं. सरकार पडलं, पुन्हा निवडणूक आली आणि ती हरली. मी फोन केला तर हसत म्हणाली, ‘आता निदान कुणाच्या यादीत तरी नाही.’ मग निवृत्त नर्सा, शिक्षक आणि तुकडीतले जुने सहकारी जमवून तिने स्वतःचा पक्ष काढला. पुढच्या निवडणुकीत त्यांना जागा मिळाल्या, आघाडीचं सरकार बनलं आणि गेल्या महिन्यात ती उपपंतप्रधान झाली. शपथविधी आम्ही कँटीनमध्ये मोबाइलवर पाहिला. आमच्या फोरमन अहमदने सगळ्यांना कुनाफा ही इथली मिठाई वाटली. गावचा प्रसूती विभाग अजून उघडलेला नाही, पण पहिली फाइल तिने तीच मागवलीय.

आता आपलं. दहा वर्षं तू नगरसेवक असलेला वॉर्ड महिलांसाठी राखीव झाल्यावर तू म्हणालास, ‘ताई, तू फक्त अर्ज भर, निवडून मी आणतो. मग खुशाल शारजाला जा.’ वर माझ्या नावाची पन्नास कोरी लेटरहेड्स कुरियरने पाठवलीस, सह्या करून ठेवायला. मी हो म्हणाले होते. लाज वाटते, पण खरं सांगते, जेवणाच्या टेबलावर बसून बारा सह्या केल्यासुद्धा. शुभ्रा बाजूला अभ्यास करत होती. तिने विचारलं, ‘आई, व्हॉट आर यू साइनिंग? देअर्स नथिंग ऑन इट.’ सीमेवर कधी न पाहिलेला भित्रा माणूस मला चौदा वर्षांच्या मुलीसमोर दिसला, आणि तो मी होते. ते सगळे कागद मी तिच्यासमोरच फाडले.

तर आता ऐक. अर्ज मी भरणार आहे, पण तुझ्या पक्षाचा नाही. अपक्ष. राजीनामा दिलाय, तुझे परेश भावोजी आणि शुभ्रा तिची शाळा संपेपर्यंत इथेच राहतील. गुरुवारच्या विमानाने येते, सोमवारी अर्ज. तू वैभवीला उभं करशील. कर. वहिनीवर माझा राग नाही, तिचा प्रचार करताना तुला मात्र तुझ्या दहा वर्षांचा हिशेब लोकांना द्यावा लागेल. मी घरी उतरणार नाही, आत्याकडे राहीन, म्हणजे आईला कुणा एकाची बाजू घ्यायला नको. हरले तरी परत जाणार नाही. पुढच्या भाऊबीजेला तुला ओवाळीनच. या खेपेला मात्र तुला हरवायला येतेय.

तुझीच,
कॅप्टन साधनाताई