खवले मांजराची नखं

मंगळवार, ४ मार्च

प्रिय काका,

नमस्कार. इकडे आम्ही ठीक आहोत. आईचा गुडघा जिन्यावर कुरकुरतो, आई त्याहून जास्त.

आधी एक चूक दुरुस्त करते. खवले मांजराची ती चित्रकथा मी जूनमध्येच काढून ठेवली होती, असं मागच्या पत्रात लिहिलं होतं. तसं नाही. काल फाइल उघडून पाहिली, तारीख एकोणीस ऑगस्टची आहे. आणि काल कळलं असंही नाही. मला ती तारीख तेव्हाही माहीत होती.

दुसरी बातमी, 'झुडपापलीकडे'चं पुस्तक निघणार होतं. दर रविवारी इंटरनेटवर टाकते त्या सगळ्या गोष्टी, चहाडखोर साळिंदर, कारकून मुंगूस. त्या मुंगसाचं चित्र पाहून तुम्ही विचारलं होतंत, "चारच बोटं? पाचवं काय रजेवर आहे?" प्रकाशकबाईंना मुखपृष्ठावर त्या खवले मांजराचंच, खवल्याचंच, चित्र हवं होतं. कोणी काही विचारलं की तो गुंडाळी करतो, ते लोकांना फार आवडतं म्हणे.

परवा तुमच्या वनखात्याच्या ऑफिसातले ड्रायव्हर बसथांब्यावर भेटले. "तुमच्या काकांना आम्ही आता खवल्याच म्हणतो," म्हणाले. "चित्र छापून कपाटावर चिकटवलंय. रागवत नाहीत हो बिचारे. फक्त हल्ली डबा घेऊन बाहेर जीपपाशी बसतात."

मी हसले, काका. त्यांच्यासमोर काय करावं सुचलं नाही, म्हणून हसले.

काकू दहा ऑगस्टला गेली. भेटायला माणसं, तुमच्या ऑफिसातलीही, आली की तुम्ही "बसा, चहा होतोय" म्हणायचात आणि मागच्या दाराने निघून जायचात. चहा गाळताना मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचं. टाकीला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन, मान आत घालून तुम्ही बसलेले असायचात. मी कप भरत राहिले. नऊ दिवसांनी तेच काढलं. खवले मांजराकडे सगळे प्राणी भेटायला येतात, ते गुंडाळी करून बसतं, साळिंदर खवल्यांवर टकटक करून विचारतं, "कोणी आहे का आत?" इतकी कुठलीच गोष्ट गाजली नव्हती.

तुम्ही तेव्हा एकच ओळ पाठवलीत. 'चालताना ते पुढच्या पंजाची नखं आत दुमडतं, तू सरळ काढली आहेस.' मला वाटलं, चूक काढली म्हणजे राग नाही. आपल्या घरात असंच असतं ना. मी नखं दुमडली आणि तीच गोष्ट पुन्हा टाकली. दुसऱ्यांदा ती दुप्पट लोकांनी पाहिली. तुम्हाला मी 'धन्यवाद' लिहिलं, वर हसरा चेहरा. त्यानंतर तुम्ही एकही चूक काढली नाहीत. सहा महिने मी ते माझं चित्र सुधारल्याचं लक्षण मानलं.

शाळेत जायच्या आधी तुम्ही मला तुमच्या जनावरांच्या ठशांच्या वहीत अक्षरं शिकवलीत. 'प पंजाचा, न नखाचा.' आणि सांगितलंत, जनावर दिसलं की आधी लांब थांबायचं, त्याला आपण नको असू शकतो. एवढं एक मी विसरले.

जाहीर माफी मागावी असं मनात आलं होतं. पण ज्यांना ठाऊक नाही त्यांनाही मग खवल्या कोण ते कळेल. म्हणून ते नाही. त्याच्या सगळ्या गोष्टी आज सकाळी काढून टाकल्या. प्रकाशकबाई म्हणाल्या, "मग पुस्तकात उरलं काय?" पुस्तक निघायचं राहिलं. मला वाईट वाटतंय, ते लपवत नाही.

कपाटावरचं चित्र मात्र इथून निघत नाही, आणि पत्रातून माफी मागणं मला फार सोपं जातं. म्हणून येतेय. तुम्ही काही बोलायलाच हवं असं नाही. दार उघडलं नाहीत तरी समजेन.

रविवारी, सोळा मार्चला, सकाळी साडेनऊच्या बसने उतरून तुमच्या दाराशी येणारी,
तुमची पुतणी