गाडीची पाठ का फिरते

३ फेब्रुवारी १९३५, लोणावळा

आज वलवणच्या सरळ रस्त्यावर दिगंबरने ब्रेक दाबताच गाडीची मागची बाजू घसरली. गाडी गर्रकन फिरली आणि आलो त्या दिशेला तोंड करून उभी राहिली. मी शेजारच्या बैठकीवर होते. मुळीच घाबरले नाही. चष्मा नंतर सापडला.

दिगंबर माझा भाचा. वय चोवीस. बुद्धी बरी, वापर कमी. एक जुनी मोटार घेऊन तिचे टप, दारे, मागची बैठक, सगळे त्याने उपटून टाकले आहे आणि उरले त्याला तो शर्यतीची गाडी म्हणतो. चोवीस तारखेला धरणाजवळ मोटार क्लबची परीक्षा आहे. भरधाव यायचे, जोरात ब्रेक लावायचा आणि चुन्याच्या रेघेवर सरळ थांबायचे. परीक्षक मुंबईचे कापडियासाहेब. पहिल्या येणाऱ्याला ते आपल्या कारखान्यात गाड्या चालवून तपासायच्या कामावर घेणार आहेत. नाही जमले तर त्याच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या भावाने, त्र्यंबकने, तळेगावच्या कचेरीत कारकुनी बघून ठेवली आहे. त्र्यंबकला जन्मात कचेरीपलीकडे काही दिसलेले नाही.

संकल्प: दोष मी शोधणार. बी. ए.ला माझा विषय पदार्थविज्ञान होता. वर्गात मी एकटी मुलगी. बाकीचे माझ्या वह्या उतरवून पास झाले.

५ फेब्रुवारी

स्टेशनजवळच्या महिपती मिस्त्रीला बोलावले. तो गाडीखाली शिरला, बाहेर आला आणि म्हणाला, "बिरेकात काय बी न्हाई, बाई. पायाचा बिरेक चारी चाकांस्नी सारका धरतोय. हातबिरेक निस्ता मागच्या दोन चाकांस्नी." मी त्याला सांगितले की हातब्रेक उभ्या गाडीसाठी असतो. चालत्या गाडीच्या चर्चेत तो आणू नये. या लोकांना विषयाला धरून बोलता येत नाही.

७ फेब्रुवारी

प्रत्यक्ष निरीक्षणाला सुरुवात. शास्त्रात ऐकीव माहिती चालत नाही, म्हणून दर फेरीला मी शेजारी बसणार.

निरीक्षकाची बैठक स्थिर हवी. या गाडीत धरण्यासारखे काही ठेवलेलेच नाही. दोन बैठकांच्या मधला हातब्रेकचा दांडा तेवढा हाताशी येतो. चालत्या गाडीत तो नाहीतरी बिनकामाचा. सरावासाठी आखलेली रेघ जवळ आली की मी पाय रोवते, मागे रेलते आणि दोन्ही हातांनी तो घट्ट धरते. डोळे मिटून घेते, म्हणजे घसरण अंगाला नेमकी कळते. गाडी थांबली की दांडा होता तसा खाली करून ठेवते. दुसऱ्याची वस्तू जागच्या जागी ठेवावी हे मुलींना शिकवण्यात माझी हयात गेली.

तिन्ही वेळा पाठ फिरली. निष्कर्ष: दोष दिगंबरच्या मनगटात. रोज पंचवीस जोर काढायला सांगितले. म्हणाला, "आत्या, मनगटं पुढं आहेत, घसरतंय मागं." उद्धट.

९ फेब्रुवारी

मनगटाचा मुद्दा बाजूला ठेवला आहे. सोडलेला नाही. मागच्या टायरांत हवा जास्त आहे. कमी केली. फिरली. वाढवली. फिरली, आणि या वेळी रस्त्याकडेच्या म्हशींत. म्हशींचा मालक नथू माझ्याशी ज्या भाषेत बोलला ती इथे उतरवत नाही. त्याची आई तरी लाजेल.

१२ फेब्रुवारी

कारण सापडले. मागची बैठक काढल्याने गाडीचा मागचा भाग हलका झाला आहे. ब्रेक लागला की सगळा भार पुढे जातो आणि मागची चाके रस्ता सोडतात. पहिल्या वर्षाच्या मुलालाही कळावे. स्वयंपाकघरातला पाटा मागे बांधून घेतला. अंबूबाई स्वयंपाकीण दारात उभी राहून विचारते, "बाई, आता चटणी कशावर वाटू? मोटारीवर?" पंधरा वर्षे माझ्या घरात असून शास्त्राबद्दल ही आस्था!

फिरली. पण वजनामुळे थोडी भारदस्तपणे.

१४ फेब्रुवारी

मान आखडल्याने आज बसले नाही. मैलाच्या दगडावर बसून दुरून पाहिले. दिगंबर एकटा. गाडी सरळ थांबली. पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा तर रेघेवर दोरी धरल्यासारखी.

मग मान बाजूला ठेवून मी बसले. फिरली.

अंबूबाई चहा घेऊन आली होती. म्हणाली, "तुमी उतरलात की गाडी कशी शहाण्यावानी वागती." दुर्लक्ष केले.

१५ फेब्रुवारी

रात्रभर विचार करून उलगडा झाला. मी नसताना दिगंबर ब्रेक हळू लावतो. मी असताना धाकाने पूर्ण दाबतो, आणि दोष उघडा पडतो. मी मुख्याध्यापिका असताना शाळेत हेच होई. मुख्याध्यापिका वर्गात आली की खरा गोंधळ बाहेर येतो, नाहीतर सगळे छान दिसते. म्हणजे माझ्यामुळे गाडी बिघडत नाही, माझ्यामुळे गाडी खरे बोलते. दिगंबरला हे समजावले. तो बराच वेळ दांड्याकडे बघत होता. लक्ष नाही.

१७ फेब्रुवारी

त्र्यंबक तळेगावहून आला. येताना दिगंबरसाठी काळा कोट. कचेरीसाठी! "अक्का, तू याच्या डोक्यात हवा भरलीस," म्हणाला. मी म्हटले, तुझ्या डोक्यात भरायला कोणी फिरकलेच नाही. जेवला नाही. कोट मात्र खुंटीवर ठेवून गेला. जाता-येता तो दिसतो. दिगंबर त्याच्याकडे पाठ करून जेवतो.

१८ फेब्रुवारी

क्लबचे नियम आले. मोठ्याने वाचून दाखवले. गाडीत चालकाशेजारी एक सोबती असलाच पाहिजे. दोन्ही ब्रेक जोडलेले असलेच पाहिजेत. इत्यादी.

दिगंबर चाचरत म्हणाला, "सोबतीला महिपतीला घेऊ का?" मी विचारले, महिपतीला पदार्थविज्ञान येते का? म्हणाला, नाही. विषय संपला. पोर माझ्यापुढे वर मान करून बोलत नाही, हा संस्कार.

२० फेब्रुवारी

संध्याकाळी दोघे गाडीखाली पडून कुजबुजत होते. डोकावले तर महिपती म्हणाला, "ग्रीस लावतोय, बाई. तुमचं लुगडं खराब हुईल." मी त्यांच्यात वेळ घालवला नाही. घरात येऊन आकृती काढली. पाटा चार बोटे डावीकडे हवा. स्वतः सरकवला.

२१ फेब्रुवारी

सिद्ध झाले!

मी शेजारी. भरधाव. ब्रेक. गाडी सरळ थांबली. पाचही वेळा. चार बोटे! एवढ्यासाठी सगळे मिस्त्री, सगळे भाऊ आणि सगळ्या म्हशी सोसल्या.

दांडाही आता लोण्यासारखा हलका वर येतो. ग्रीस. महिपतीने एक काम तरी नीट केले.

संकल्प: मासिकाला लेख पाठवणे. मथळा, "मोटारीच्या मागील चाकांचे चांचल्य व पाट्याचे स्थान". दिगंबरला वाचून दाखवला. त्याला ठसका लागला. महिपती पाणी आणायला गेला तो परतलाच नाही.

२४ फेब्रुवारी, दुपार

घडले ते क्रमाने लिहिते.

आमची फेरी सर्वोत्तम. गाडी रेघेवर, सरळ. टाळ्या. कापडियासाहेबांनी दिगंबरचा हात हातात घेतला. चढावर मांडव होता, त्यात परीक्षकांचे टेबल, चहा, बिस्किटे. दिगंबरने गाडी मांडवाच्या वरच्या बाजूला, चढाकडे तोंड करून उभी केली आणि मागच्या चाकांना धोंडे लावले. बैलगाडीला लावतात तसे! सगळ्या मुंबईसमोर. तो साहेबांबरोबर गेल्यावर मी चालकाच्या जागी बसले, हातब्रेक शेवटच्या खाचेपर्यंत ओढला आणि एका पोलिसाला धोंडे काढायला लावले. पोलीस म्हणाला, "असू द्या की, बाई." मी त्याच्याकडे नुसते पाहिले. त्याने काढले.

गाडी मागे गेली. मी दांडा ओढतच होते. मांडव, टेबल, चहा. कोणाला लागले नाही. पाठ जराही फिरली नाही. अगदी सरळ गेली.

महिपतीला वाकून बघावेही लागले नाही. साहेबांना पडल्या जागेवरूनच दिसले, दांड्याकडून मागच्या चाकांना जाणारी तार सुटी करून बांधून ठेवलेली होती. कापडियासाहेबांनी बिस्किटांतून उठत विचारले, "तार कोणी सोडली?" दिगंबर म्हणाला, "मी." "का?" दिगंबर सांडलेल्या बशा गोळा करू लागला. साहेबांनी नियम दाखवला. दोन्ही ब्रेक जोडलेले हवेत. निकाल रद्द. दिगंबर तरीही गप्प. मान खाली. माझाच संस्कार.

तेवढ्यात मला खुंटीवरचा कोट आठवला.

मी म्हणाले, "तो ब्रेक मी ओढत होते. दर वेळी." साहेबांनी विचारले, कशासाठी? मी म्हटले, आधारासाठी. मग, कोणी विचारले नसताना, म्हटले, "भीती वाटते म्हणून."

महिपती टोपीत तोंड घालून उभा होता. नथू म्हसवाला कुठून आला होता देव जाणे, तो मात्र मोठ्याने हसला.

साहेबांनी दिगंबरला विचारले, "म्हणजे दोन आठवडे तू यांना शेजारी बसवून भरधाव जात होतास आणि मागची चाके अडकलेली गाडी सांभाळत होतास?" "होय." "आणि बोलला नाहीस?" दिगंबर म्हणाला, "आठवडाभरापूर्वी कळलं. पण आत्याला कसं सांगणार?"

पहिला नंबर दुसऱ्याला गेला. दिगंबरला उद्या, सोमवारी, मुंबईला कामावर बोलावले आहे. साहेब म्हणाले, एवढे सांभाळणाऱ्याला गाड्यांची काय भीती.

पाट्याचे दोन तुकडे झाले. अंबूबाई बोलत नाही.

२५ फेब्रुवारी

लेख चुलीत. कोट तळेगावला परत पाठवला. त्र्यंबकच्या अंगाला होईल.

दिगंबर सकाळी गाडीनेच निघाला. मागचा पत्रा चेपलेला. तार पुन्हा जोडली आहे, हे त्याने आपण होऊन सांगितले आणि म्हणाला, "चल आत्या, खंडाळ्यापर्यंत सोबत ये." बसले. दोन्ही हात मांडीखाली घेतले. वळणे आली. डोळे उघडे ठेवले. मधे एकदा मिटले, ते धुळीमुळे. खंडाळ्याला त्याने मुद्दाम जोरात ब्रेक लावला.

गाडी सरळ थांबली.

परत चालत आले.