बंद वस्तीची पाळी

२ जानेवारी २०२५, गुरुवार

गेल्या संक्रांतीपासून एक ओळ नाही. माफी मागते — पण कुणाची, कोऱ्या पानांची? लिहायला बसले की भामाबाईच समोर यायची.

ऊसतोडीची टोळी गेली की तिच्या वस्तीचा व्हॉल्व्ह बंद करायचा, ही आमच्या पाणीपुरवठ्याच्या टाकीवरची जुनी रीत. म्हणजे कॉलन्यांची पाण्याची पाळी तेवढी लवकर येते. गेल्या वर्षी 'वस्तीत कोणी नाही' असं लिहून सही मीच केली. बघायला गेले नाही. भामाबाई मागे राहिली होती. विहिरीच्या वाटेवर सापडली, शेजारी रिकामी घागर. "वय झालंतं," म्हणाले सगळे. मला कुणी काही विचारलंच नाही.

यंदा मुकादमाला विचारलं. "एक बी मानूस न्हाई ठिवलं, मॅडम!" सही केली. विचारणं म्हणजे बघणं का?

आज सगळे व्हॉल्व्ह बंद, तरी टाकी चार बोटं उतरली. गुरुवार — वस्तीची जुनी पाळी.

९ जानेवारी

पुन्हा चार बोटं!

व्हॉल्व्हमन शहादेवने वस्तीच्या पाइपवर लोखंडी दांडी टेकवली, दुसरं टोक कानाला. मग — "मॅडम, कोन तरी पानी भरायलंय."

"गळती असेल."

"गळती काय घागरीत पडती का?"

मी ऐकलं. पोकळ आवाज चढत गेला, घागरीच्या गळ्यापाशी यावा तसा बारीक झाला, थांबला. पुन्हा पहिल्यापासून. तीनदा.

त्याने चावी लावून पाहिली. "पक्का बंद हाय. मला घरी जाऊ द्या, माझं वय लहान हाय!" पन्नाशीचा माणूस. हसलो दोघं. मग नाही.

१० जानेवारी

वस्तीवर गेले. दारादाराला कुलपं. नळाच्या तोंडाला कोळ्याचं जाळं, शाबूत. खाली फरशीवर घागरींच्या बुडांचे तीन गोल — ओले! शहादेव लांबच उभा राहिला. "भामाबाईच्या तीन घागरी असायच्या," एवढंच म्हणाला.

शेवटच्या घराचं दार नुसतं लोटलेलं. आत बाजेवर बंकटआप्पा, भामाबाईचा नवरा. गेल्या साली बैलं राखायला टोळीसोबत गेले होते. यंदा कंबर गेली, म्हणून मागे ठेवलेले. उशाशी तीन घागरी, काठोकाठ.

"पाणी कोण आणून देतं, आप्पा?"

"दुसरं कोन? भामा. पर लई दमती आता. नळ कावून बंद केला, बाई?"

त्याच दिवशी, संध्याकाळ

उद्या: वस्तीचा व्हॉल्व्ह उघडणे. मी स्वतः.